ओवरी लेकीच्या नावाची

नाशिक शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागून त्रिरश्मी डोंगर आहे. त्याच्या कमरेला ओळीने २४ लेणी खोदलेली आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात. पांडवांचा तिथे काडीचाही संबंध नाही. ती बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. पायऱ्या चढून धापा टाकत वर आलेला माणूस तिसऱ्या लेण्यातलं कोरीव काम पाहतो, अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहासमोर फोटो काढतो आणि उतरतो. सहाव्या लेण्यात फारसं कोणी रेंगाळत नाही. आपण मात्र तिथे थोडं थांबू, कारण तिथे एका घराची वाटणी दगडात कोरून ठेवलेली आहे.

घर वीर नावाच्या व्यापाऱ्याचं. ब्राह्मी लिपीतला, प्राकृत भाषेतला हा लेख अगदी आटोपशीर आहे. हे लेणं वीर गृहपतीचं दान. त्यातली एक ओवरी त्याची बायको नंदश्री हिची, एक ओवरी त्याची मुलगी पुरुषदत्ता हिची. असं चार खोल्यांचं लेणं पुरं करून चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिलं. संपला लेख. देणगीदारांच्या फरशीवर ‘सौ. व श्री.’ असं एकत्र लिहून मोकळे होणारे आपण. वीराने बायकोची ओवरी वेगळी नोंदवली आणि लेकीची त्याहून वेगळी.

जुन्या काळी बाईला मान होता की नव्हता, यावर आपल्याकडे हमरीतुमरीने वाद चालतो. एक जण गार्गी-मैत्रेयीचा दाखला देतो, दुसरा मनूचा श्लोक तोंडावर फेकतो. ग्रंथांत दोन्ही बाजूंना पुरेल एवढा मालमसाला आहे, म्हणून हा वाद मिटत नाही. त्यापेक्षा साधा प्रश्न विचारावा: तिला काय देऊन टाकता येत होतं, आणि दिलेल्याची नोंद कोणाच्या नावावर होत होती? जे आपलं नाही ते कोणी देऊ शकत नाही. नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाची उत्तरं जवळजवळ दोन हजार वर्षांच्या पल्ल्यावर सापडतात, आणि त्यांचा आलेख सरळ वर चढत जात नाही.

त्रिरश्मीवरच पुढे चाला. दहाव्या लेण्यात क्षहरात क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने एक ओवरी दिल्याची नोंद आहे. नवऱ्याच्या दानांची जंत्री त्याच लेण्यात भिंतभर पसरलेली असताना तिची ओवरी तिच्या नावाने वेगळी लागली आहे. चैत्यगृह पुरं करून देणारी भट्टपालिका ही एका राजामात्याची मुलगी आणि दुसऱ्या राजामात्याची, खजिना सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याची बायको. विसाव्या लेण्याची गोष्ट तर अर्धवट राहिलेल्या बांधकामाची आहे. बोपकी नावाच्या यतीने ते सुरू केलं आणि ते बरीच वर्षं तसंच पडून राहिलं. यज्ञ सातकर्णीच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी महासेनापती भवगोप याची बायको वासू हिने ते पूर्ण केलं. लेखात तिला ‘महासेनापतिनी’ म्हटलं आहे. तिला सैन्य हाकायचं नव्हतं, पण रखडलेलं काम मार्गी लावण्याइतका पैसा आणि अधिकार तिच्या हाती होता.

यांत मला सगळ्यात वेधक वाटते ती विष्णुदत्ता. अभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी, म्हणजे इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या मध्यानंतर, तिने दहाव्या लेण्यात आपला लेख कोरवला. ती शक अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिल याची बायको, गणपक विश्ववर्मा याची आई, आणि बौद्ध उपासिका. तिने ओवरी खोदली नाही, पैसे गुंतवले. गोवर्धन हे तेव्हाचं इथलं बाजाराचं गाव. तिथल्या कारागिरांच्या श्रेणींकडे तिने रक्कम कायमची ठेवली. कुलरिकांच्या (बहुधा कुंभारांच्या) श्रेणीकडे १००० कार्षापण, पाण्याची यंत्रं करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २०००, शिवाय तेल गाळणाऱ्या तिलपिषकांच्या श्रेणीतही तिची ठेव होती. मुद्दलाला हात लावायचा नाही. येणाऱ्या व्याजातून त्रिरश्मीवर राहणाऱ्या आजारी भिक्खूंच्या औषधपाण्याचा खर्च चालवायचा. कोणता भिक्खू, कोणता पंथ असली अट नाही. सगळा पैसा एकाच ठिकाणी अडकवायचा नाही हेही तिला कळत होतं. बाहेरून आलेल्या शक समाजातली ही बाई स्थानिक तेल्यांशी ठेवीचा व्यवहार करते आणि तो श्रेणींनी पाळावा म्हणून दगडावर लिहवून ठेवते.

सातवाहन राजघराण्यातली बाई पाहायची तर तिसऱ्या लेण्याशी परत यावं लागतं. हे लेणं वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या १९ व्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिने दिलं. तिच्या लेखात मेलेल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, लांबलचक गुणगान आहे. शक, यवन, पल्हवांचा नि:पात करणारा, क्षहरातांचा वंश निखंदून काढणारा, आईची अखंड सेवा करणारा. याच लेण्यात त्याच्या हयातीतला २४ व्या वर्षाचा हुकूमही आहे आणि तो एकट्या राजाचा नाही. राजा आणि त्याची आई, दोघांच्या नावाने गोवर्धनचा अमात्य श्यामक याला आज्ञा आहे: भिक्खूंना पूर्वी ककडी गावात शेत दिलं होतं, ते शेत कोणी कसत नाही, गावही वसलेलं नाही; तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरची आमच्या मालकीची १०० निवर्तनं जमीन द्यावी. आजच्या कोणत्याही तहसील कचेरीत शोभेल असा हा कागद आहे. त्याच्या शेवटी कामाशी संबंधित माणसांत लोटा या प्रतिहारीचं नाव येतं, आणि त्या नावाचं व्याकरणातलं रूप स्त्रीलिंगी आहे.

इथवर वाचून कोणालाही वाटेल की सातवाहनांचं राज्य म्हणजे बायकांचं राज्य. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र ही आईकडून आलेली नावं पाहून पुष्कळांनी तसं लिहिलंही आहे. पण गादी बापाकडून मुलाकडेच जात होती, मुलीकडे नव्हे. दान देणाऱ्या बायका अमात्यांच्या, सेनापतींच्या, व्यापाऱ्यांच्या घरच्या होत्या. गोवर्धनच्या बाजारात पाटी घेऊन बसणारीचं नाव दगडावर नाही. विष्णुदत्तेसारखी पैसेवाली बाईसुद्धा आधी अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, ढमक्याची आई असते आणि मग विष्णुदत्ता होते. आणि बलश्रीच्या लेखात मुलाच्या पराक्रमांच्या यादीत एक असाही आहे की त्याने चार वर्णांचा संकर थांबवला. वर्णसंकर थांबवणं म्हणजे कोणत्या मुलीने कोणाच्या घरी जायचं यावर पहारा बसवणं. ती फुशारकी आई स्वतः मिरवते आहे. त्या पहाऱ्याचा फार उपयोग झाला नसावा: कान्हेरीचा लेख सांगतो की याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीने शक महाक्षत्रपाची मुलगी केली.

त्यानंतरची कित्येक शतकं आपण झरझर ओलांडू, कारण दगडावरची नावं विरळ होतात आणि पोथ्या बोलू लागतात. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजले: लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, सासरी जाताना मिळालेलं, प्रेमाने दिलेलं, आणि आई, बाप, भाऊ यांनी दिलेलं. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिताना ही व्याख्या सैल केली आणि वारशाने आलेलंही स्त्रीधनच मानलं. इंग्रजी अमदानीत महाराष्ट्रातल्या न्यायालयांनी मिताक्षरा आणि नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ प्रमाण धरले. त्यामुळे मुंबई इलाख्यातल्या मुलीला आणि बहिणीला वारसा मिळालाच, तर तो पूर्ण मालकीचा मिळे. बंगाल-मद्रासकडे तेवढंही नव्हतं. मात्र ‘मिळालाच तर’ हे शब्द नजरेआड करू नयेत. एकत्र कुटुंबात मुलगा जन्मतःच वाटेकरी, आणि मुलीचा नंबर लागायचा तो आधीचे सगळे संपल्यावर.

विधवेचं तर विचारायलाच नको. नवऱ्याची इस्टेट तिच्याकडे आली तरी ती हयातीपुरती. उत्पन्न खावं, पण निकडीच्या गरजेशिवाय विकू नये, आणि तिच्यामागे ते सगळं नवऱ्याच्या भाऊबंदांकडे जावं. १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्याने पुनर्विवाह कायदेशीर केला, पण त्याच कायद्यात कलम घातलं की लग्न केलं तर पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क सोडावा लागेल. सुधारणेच्या कायद्यात वसुलीचं कलमही होतं.

इथून थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकात नाशिकच्या गोदाकाठी दोन पेशवीणबाई येऊन राहिल्या. गोपिकाबाई मुलाशी, थोरल्या माधवरावांशी बिनसल्यावर पुण्याबाहेर पडल्या आणि गंगापूरला राहिल्या. नातू सवाई माधवरावाने कसं वागावं याचा सविस्तर उपदेश त्यांनी पत्रातून धाडला. राघोबांच्या पत्नी आनंदीबाईंचं नाव आनंदवल्लीशी जोडलेलं आहे. दोघींनी राजकारण ढवळून काढलं असं बखरींपासून नाटकांपर्यंत सगळे सांगतात. मला दिसतं ते एवढंच, की त्यांचं वजन मुलगा, नवरा किंवा नातू गादीवर असण्यावर अवलंबून होतं. गादी सुटली की वाडा राहतो, नेमणूक राहते.

होळकरांच्या घरात मात्र एक वेगळी सोय होती. १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने पेशव्यांकडून स्वतंत्र खासगी जहागीर मिळाली. दौलतीचा खजिना वेगळा, खासगीचा वेगळा. खासगीवर हुकूम बाईंचा. पुढे ती अहिल्याबाईंकडे आली. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, देवळं, धर्मशाळा बांधल्या, त्यामागे हा खासगीचा पैसा होता. नाशिक आणि चांदवडलाही त्यांच्या खुणा आहेत. चांदवडचा रंगमहाल म्हणजे होळकरांचा वाडा. डोंगरातलं रेणुकामातेचं देऊळही अहिल्याबाईंनीच सजवलं असं सांगतात. त्यांच्या पुण्यशीलतेचे गोडवे आपण भरपूर गातो, पण त्या दानशूर होऊ शकल्या याचं अर्धं कारण त्यांच्या सासूच्या नावाच्या सनदेत आहे, हे कोणी बोलत नाही. विष्णुदत्तेपासून अहिल्याबाईंपर्यंत सूत्र तेच: सुटा पैसा आणि त्यावर स्वतःचं नाव.

ते नसेल तर काय होतं, हे नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त दिसतं. त्यांचे यजमान रेव्हरंड टिळक यांचा हात सढळ. घरात आलेला पैसा गरजूला देऊन मोकळे व्हायचे. दातृत्व त्यांच्या नावावर जमा झालं आणि संध्याकाळच्या चुलीची विवंचना लक्ष्मीबाईंच्या. त्यांनी हे इतक्या हसतखेळत लिहिलं आहे की आपणही हसत पुढे जातो.

ज्यांच्याकडे द्यायला काहीच नव्हतं, त्या बायका विसाव्या शतकात वेगळ्या रांगेत उभ्या राहिल्या. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा दलित स्त्रिया मंदिराच्या दारांशी बसल्या. याच शहरात वाढलेल्या शांताबाई दाणी शिकल्या, बाबासाहेबांच्या चळवळीत पडल्या, विधान परिषदेवर गेल्या आणि मुलींच्या शिक्षणाचं काम त्यांनी नाशिकमध्येच उभं केलं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये, बायका तुरुंगात गेल्या. देवळाचं दार आणि पडीक जमीन या दोन्ही मागण्या एकाच चळवळीतून आल्या, याचा विसर पडू नये.

कायद्याची चाकं एव्हाना हलू लागली होती. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण हयातीपुरताच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या १४ व्या कलमाने तो पूर्ण मालकीचा केला. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मात्र जन्मतःच वाटेकरी असायचा तो मुलगाच.

नोव्हेंबर १९८६ मध्ये, ९ आणि १० तारखेला, चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं. अहिल्याबाईंच्या रंगमहालाच्या गावात लाखोंच्या संख्येने खेड्यापाड्यांतल्या बायका आल्या. संघटनेचा जोर तोवर कांद्याच्या, उसाच्या भावावर होता. निंदणी, कापणी, कांद्याची काटणी यांत दिवसभर वाकलेली बाई भाव वाढल्यावर श्रीमंत होते का, हा प्रश्न चांदवडला उघडपणे मांडला गेला. संघटनेचे नेते शरद जोशी यांनी त्या विचारांची पुस्तिका केली ती ‘चांदवडची शिदोरी’. तीन वर्षांनी अमरावतीच्या अधिवेशनानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ आली: नवऱ्याने आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा. दान म्हणून नव्हे, तिच्या राबण्याचं देणं म्हणून. ज्या गावात शंभरावर कुटुंबं हे करतील ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर त्यात पुढे होतं. १९९२ मध्ये सरकारनेही लक्ष्मीमुक्तीच्या नावाने आदेश काढला, नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावता यावं यासाठी.

आता सातबारा हातात घेऊन पाहू. डावीकडे कब्जेदाराचं नाव, म्हणजे मालक. उजवीकडे ‘इतर अधिकार’चा रकाना: बँकेचा बोजा, कूळ, विहिरीतलं पाणी. बाप वारला की तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज जातो. वर्षानुवर्षं रीत अशी होती की मुलांची नावं कब्जेदारात आणि आईचं, बहिणींचं नाव इतर अधिकारात, सोसायटीच्या कर्जाच्या शेजारी. जमीन विकायची झाली तर कब्जेदाराची सही लागते. बोजा काय, उतरवता येतो.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीलाही जन्मतः वाटेकरी केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अटही गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की २००५ साली बाप हयात असायला हवा असंही नाही. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात त्याच सुमारास हक्कसोडपत्रांना ऊत आला. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागा झाल्या, नाशिकच्या कडेने प्लॉट पडले, रस्त्यांसाठी भूसंपादनाचा मोबदला आला, तशी बहिणीच्या सहीची किंमतही वाढली. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात ती नवऱ्याला घेऊन येते, भावजय डबा घेऊन आलेली असते. अंगठा, फोटो, दोन साक्षीदार. संध्याकाळी माहेरी साडीचोळी होते. “आम्हाला काय कमी आहे हो दादा,” असं बहीण म्हणते तेव्हा ती नेहमी खोटं बोलत असते असं नाही. भाऊबीज आणि आजारपणात टेकायला एक दार, याचा हिशेब तिने केलेला असतो. पण देणं खरं तेव्हाच, जेव्हा न दिल्यावरही दार उघडं राहतं. नंदश्रीला ओवरी देताना तशी मोकळीक होती का, हे दगड सांगत नाही. हक्कसोडपत्राच्या बाबतीत उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक असतं.

आईच्या नावाचा एक फेराही इथे पूर्ण झाला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असावं. गौतमीपुत्राचा अनुभव पाहता एवढ्याने वारसा बदलतो असं समजायचं कारण नाही, पण शाळेच्या हजेरीपटावर त्याचा परिणाम नक्की दिसेल.

जिल्ह्याचा पश्चिम भाग या सगळ्या हिशेबाच्या बाहेर राहतो. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल वस्ती आहे, आणि १९५६ च्या कायद्याचं कलम २(२) सांगतं की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणजे २००५ ची दुरुस्ती निफाडपर्यंत पोहोचली आणि घाटमाथ्यावर थांबली. गंमत अशी की दुसऱ्या बाजूने याच बायका पुढे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ४(४) प्रमाणे वनपट्टा लग्न झालेल्यांच्या बाबतीत नवरा-बायको दोघांच्या नावानेच द्यावा लागतो. त्यासाठी नवऱ्याचा वेगळा अर्ज नाही, मनधरणी नाही. हे पट्टे मिळावेत ही एक मुख्य मागणी घेऊन मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला. मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालून आलेल्या बायकांचे सोललेले तळपाय तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले. त्या पायांना कोणता कागद हवा होता, हे फार थोड्यांनी छापलं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात आदिवासी स्त्रीच्या वारसांना बरोबरीचा वाटा दिला. मुलींना वगळण्याची रूढी आहे असं जो म्हणतो त्याने ती सिद्ध करावी. ती सिद्ध होत नसेल तर केवळ बाई म्हणून वारसा नाकारता येणार नाही, असा त्याचा आधार आहे. कलम २(२) मात्र जागच्या जागी आहे. म्हणून वनपट्ट्यावर नवऱ्याच्या जोडीने नाव असलेल्या सुरगाण्यातल्या बाईला बापाच्या सातबाऱ्यावर नाव लावायचं असेल, आणि भावांनी रूढीचा मुद्दा काढला, तर तलाठ्याच्या टेबलावर ते काम होत नाही. तिला वकील गाठावा लागतो आणि दिवाणी न्यायालयाच्या तारखा धराव्या लागतात.